वाचकांचे प्रश्न : कोडला हात लावू नकोस, पहिली एरर वाच

प्रश्न : ताई, मी मिरजेचा. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओपनटीटीडी हा रेल्वे-वाहतुकीचा गेम मी बरेच दिवस खेळतोय. त्याचा सोर्स कोड मोफत मिळतो हे कळल्यावर झिप फाइल उतरवून घेतली. आधी कॉलेजच्या सवयीनं डेव्ह सी प्लस प्लसमध्ये एक फाइल उघडून एफ ११ दाबलं. काहीच झालं नाही. मग व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ टाकलं, 'एम्प्टी प्रोजेक्ट' केला आणि सगळ्या सीपीपी फाइली त्यात ओढल्या. शेकडो एरर आल्या. 'युनिस्टडी डॉट एच' सापडत नाही म्हणाला म्हणून त्या ओळी कॉमेंट केल्या. मग 'टेबल' फोल्डरमधली 'स्ट्रिंग्ज डॉट एच' मागायला लागला. ती फाइल सोर्समध्ये कुठेच नाही! नेटवरून त्याच नावाची आणून ठेवली तर एरर अजून वाढल्या. सर म्हणतात, हे तुमच्या आवाक्यातलं नाही, मिनी प्रोजेक्टला लायब्ररी मॅनेजमेंट घ्या. माझे आजोबा मिरज-कुर्डुवाडी नॅरोगेजवर नोकरीला होते. ती गाडी मला गेममध्ये आणायची आहे. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. माझं कुठे चुकतंय?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, मिरज

उत्तर : हे तुझ्या आवाक्यातलं आहे. कोणती फाइल मागितली, तू काय केलंस, त्यावर काय झालं, हे तू ओळीनं लिहिलंस. ज्याला एवढं नीट लिहिता येतं त्याला बिल्ड, म्हणजे सोर्सपासून चालता गेम बनवणंही, जमतं. 'गेम कंपाइल होत नाही, मदत करा' एवढ्याच मजकुराची पत्रं येतात, त्यांना काय उत्तर देणार?

माझी नोकरीच दुसऱ्यांच्या कोडचं बिल्ड लावण्याची आहे. कंपनी पुण्याची, मी इथे सांगलीत विश्रामबागेत घरून काम करते. नवी मुलं टीममध्ये आली की त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, तीच तुला सांगते. जो कोड जगभरच्या मशीनवर रोज बिल्ड होतोय, तो आपल्याकडे होत नसेल तर कोड बरोबर आहे असं धरून चालायचं. एरर आपल्या मांडणीबद्दल काहीतरी सांगत असते. म्हणून कोडला हात लावायचा नाही. एक ओळ कॉमेंट केली की ती एरर जाते, पण तिने जे सांगितलं तेही जातं, आणि पुढे वेगळ्याच ठिकाणी चार नव्या उगवतात. तुझं नेमकं तेच झालं.

आता तुझ्या दोन फाइली घेऊ.

'युनिस्टडी डॉट एच' ही लिनक्स आणि मॅकसारख्या युनिक्स घराण्यातली फाइल. विंडोजवर, व्हिज्युअल स्टुडिओमध्ये, ती नसतेच. सोर्समध्ये 'ओएस' नावाचा फोल्डर उघडून बघ. आत विंडोजचा वेगळा, युनिक्सचा वेगळा, मॅकचा वेगळा उपफोल्डर आहे. विंडोजवर त्यातला विंडोजचाच कंपाइल व्हायचा असतो. तू सगळ्या फाइली ओढल्यास, त्यामुळे विंडोजच्या कंपायलरसमोर युनिक्सच्या फाइली येऊन पडल्या. ज्या फाइलमधल्या ओळी तू कॉमेंट करत बसलास, ती फाइल तुझ्या प्रोजेक्टमध्ये यायलाच नको होती.

'स्ट्रिंग्ज डॉट एच'ची गोष्ट मला फार आवडते. ती फाइल तुला सापडली नाही कारण ती सोर्समध्ये नाहीच. ती बिल्ड चालू असताना तयार होते. गेममध्ये दिसणारं प्रत्येक वाक्य, प्रत्येक बटणावरचा शब्द 'लँग' फोल्डरमधल्या 'इंग्लिश डॉट टीएक्सटी' या साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. बिल्ड सुरू झालं की आधी 'स्ट्रजेन' नावाचा छोटा प्रोग्राम कंपाइल होतो. मग तो लगेच चालवला जातो. तो ती मजकुराची फाइल वाचतो, प्रत्येक वाक्याला एक क्रमांक देतो आणि ते क्रमांक 'स्ट्रिंग्ज डॉट एच'मध्ये लिहून ठेवतो. त्यानंतर कुठे मुख्य गेमच्या फाइलींची पाळी येते, आणि त्यातल्या बहुतेक फाइली ही नवी हेडर फाइल (इतर फाइलींनी वापरायच्या नावांची यादी) मागतात. तू नेटवरून आणलीस ती युनिक्सच्या सी भाषेतली, अक्षरं ताडून बघणाऱ्या फंक्शनची जुनी हेडर फाइल आहे. नाव सारखं, संबंध काही नाही.

कोणत्या फाइली घ्यायच्या, आधी काय बनवायचं, कोणती लायब्ररी जोडायची, हा सगळा क्रम 'सीमेकलिस्ट्स डॉट टीएक्सटी'मध्ये लिहिलेला असतो. ती वाचून बिल्डची मांडणी करणारं साधन म्हणजे सीमेक. 'एम्प्टी प्रोजेक्ट'ला यातलं काही ठाऊक नव्हतं. मोठा ओपन सोर्स प्रकल्प हातात आला की सीपीपी फाइल नंतर उघडायची, आधी ही फाइल किंवा तिच्यासारखी कोणती आहे ते बघायचं. जावाच्या गेममध्ये तिच्या जागी बहुधा ग्रेडलची फाइल असते.

डेव्ह सी प्लस प्लसचा प्रश्न वेगळा. कॉलेजांत असते ती ५.११ आवृत्ती २०१५ची, तिच्यासोबत येणारा जीसीसी कंपायलर ४.९.२. या गेमच्या ताज्या सोर्सला सी प्लस प्लस २० समजणारा कंपायलर लागतो. तुझ्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लसची निळी स्क्रीनही असेल. सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाणीकरण १९९८ साली झालं, टर्बोची ती आवृत्ती त्याच्याही आधीची. मुलांनी तीन वर्षं त्यावर घालवायची आणि मग मुलाखतीत गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कशाशी खातात ते विचारलं की गप्प बसायचं, याचा मला मनापासून राग येतो. तुझ्या सरांना तू दोष देऊ नकोस, अभ्यासक्रम त्यांनी ठरवलेला नसतो. पण मिनी प्रोजेक्ट बदलू नकोस.

चल, आता नव्यानं करू. जुना फोल्डर पूर्ण काढून टाक, कॉमेंट केलेल्या ओळींसकट. व्हिज्युअल स्टुडिओचा इन्स्टॉलर उघडून 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस' या चौकोनावर खूण आहे का ते बघ. त्यातच सीमेकची साधनं येतात. नसेल तर ते उतरवायला काही जीबी डेटा लागेल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते करू नकोस, लॅबच्या नेटवर कर. (व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे वेगळं सॉफ्टवेअर आहे. तो एडिटर आहे, त्याच्यासोबत कंपायलर येत नाही. मित्र सांगतील 'तेच टाक', तेव्हा लक्षात ठेव.)

सोर्स झिपऐवजी गिटनं घे. व्हिज्युअल स्टुडिओ उघडल्या उघडल्या 'क्लोन अ रिपॉझिटरी' असा पर्याय दिसतो. झिपनंही बिल्ड होतं, पण गिट असलं की गेमला आपली आवृत्ती नेमकी कळते, आणि तू काय बदललंस ते कधीही ताडून बघता येतं, मागे जाता येतं. ठिकाण सी ड्राइव्हवर आखूड नावाचं ठेव. डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर'मध्ये नको, वनड्राइव्हमध्ये तर नकोच.

मग 'क्रिएट न्यू प्रोजेक्ट'कडे बघायचंही नाही. 'ओपन अ लोकल फोल्डर' निवडून मूळ फोल्डर उघड. व्हिज्युअल स्टुडिओ सीमेकची फाइल ओळखतो आणि स्वतःच काम सुरू करतो. खाली आउटपुटच्या खिडकीत ओळी धावतील. 'सीमेक जनरेशन फिनिश्ड' दिसेपर्यंत थांब.

इथे लायब्ररींचा मुद्दा येतो, आणि माझ्या अनुभवात मुलं सगळ्यात जास्त इथेच दमतात. हा गेम पीएनजी, झेडलिब, एलझेडएमए अशा बाहेरच्या लायब्ररी वापरतो. त्या नसल्या तरी गेम बनतो, पण एलझेडएमएशिवाय हल्लीचे बहुतेक सेव्ह केलेले खेळ उघडत नाहीत आणि झेडलिबशिवाय गेममधून जादा सामग्री उतरवता येत नाही. म्हणजे बिल्ड यशस्वी होईल आणि तुझा आवडता जुना खेळ मात्र उघडणार नाही, मग तू परत कोडमध्ये दोष शोधत बसशील. विंडोजवर या लायब्ररी आणण्याचं काम व्हीसीपीकेजी नावाचं साधन करतं. ते त्या लायब्ररीही सोर्सपासूनच कंपाइल करतं, त्यामुळे पहिल्यांदा बराच वेळ जातो. अडकलं असं समजून बंद करू नकोस. सीमेकला व्हीसीपीकेजीचा पत्ता 'टूलचेन फाइल' म्हणून द्यावा लागतो आणि ट्रिप्लेट (लायब्ररी कोणत्या मशीनसाठी आणि कशी बनवायची ते सांगणारं नाव) 'एक्स ६४ विंडोज स्टॅटिक' ठेवायचं. सोर्समधल्या 'कंपायलिंग' नावाच्या फाइलीत हे सविस्तर आहे. ती फाइल पूर्ण वाच. इंग्रजी अवघड वाटलं तर कुणाला सोबत घेऊन वाच, पण यूट्यूबच्या व्हिडिओवर विसंबू नकोस, त्यातली आवृत्ती जुनी असते.

एक गोष्ट त्या फाइलीत जोर देऊन सांगितलेली नसते. सीमेक आपले पहिले निष्कर्ष कॅशमध्ये जपून ठेवतं. पहिल्यांदा लायब्ररी सापडली नाही आणि तू नंतर ती टाकलीस, टूलचेन बदललंस, तरी ते जुनंच उत्तर धरून बसतं. 'प्रोजेक्ट' मेनूत 'डिलीट कॅश अँड रीकॉन्फिगर' आहे. मांडणीत काही बदललं की ते दाबायचंच.

नंतर वरच्या पट्टीत कॉन्फिगरेशन बघ. 'डीबग' ठेवलंस तर गेम रखडत चालेल, म्हणून 'रिलविथडेबइन्फो' घे. चालवायच्या प्रोग्रामांच्या यादीत ओपनटीटीडी निवड, त्या यादीत स्ट्रजेनही दिसेल, आता तो कोण ते तुला माहीत आहे. कंट्रोल-शिफ्ट-बी दाब. ८ जीबी पुरतात, फक्त ब्राउझर बंद ठेव. तरी लॅपटॉप गुदमरला तर सीमेकच्या सेटिंगमध्ये बिल्डच्या आर्ग्युमेंटमध्ये 'उणे जे २' लिही, म्हणजे एका वेळी दोनच फाइली कंपाइल होतील.

एरर आलीच, तर 'एरर लिस्ट'मध्ये बघू नकोस. तिथे कंपायलरच्या एरर आणि एडिटरचे अंदाज एकत्र दिसतात. किमान वरच्या यादीतून 'बिल्ड ओन्ली' तरी निवड. त्याहून बरं म्हणजे आउटपुटच्या खिडकीत अगदी वर जा आणि पहिली एरर शोध. फक्त पहिली. एक हेडर मिळाली नाही की तिच्यात ज्या ज्या गोष्टी होत्या त्या सगळ्यांची ओळख कंपायलरला पटत नाही, आणि तो प्रत्येकीसाठी वेगळी तक्रार करतो. शेकडो एररचं कारण बहुतेक वेळा असं एकच असतं.

एररचा क्रमांकही बोलतो. सी १०८३ म्हणजे हेडर फाइल मिळाली नाही, तेव्हा मांडणी तपास. एलएनके २०१९ आली तर आनंद मान, कंपाइल पार पडलंय, फक्त जोडणीच्या वेळी कुठलं तरी फंक्शन मिळालं नाही, म्हणजे लायब्ररी राहिली किंवा चुकीच्या ट्रिप्लेटची आली. एलएनके ११६८ म्हणजे ईएक्सई फाइलवर लिहिता येत नाही. मागे गेम चालू राहिलाय, तो बंद कर आणि परत बिल्ड कर, दुसरं काही नाही.

गेम उघडला की तो चित्रं मागेल. घाबरू नकोस, कोड आणि चित्रं वेगळी असण्यामागे इतिहास आहे. क्रिस सॉयर यांचा ट्रान्सपोर्ट टायकून १९९४ मध्ये आला, डिलक्स आवृत्ती १९९५ मध्ये. तो मुख्यतः असेंब्ली भाषेत लिहिलेला होता. लुडविग स्ट्रिगेयस या स्वीडिश प्रोग्रामरनं तो गेम उलगडून सी भाषेत पुन्हा लिहिला आणि २००४ मध्ये ओपनटीटीडी म्हणून खुला केला. मूळ चित्रांवर मात्र मूळ हक्क होतेच. मग स्वयंसेवकांनी स्वतःची चित्रं काढली, आवाज आणि संगीत केलं, आणि २०१०च्या १.० आवृत्तीपासून मूळ गेमची सीडी नसतानाही खेळता येऊ लागलं. त्या चित्रसंचाचं नाव ओपनजीएफएक्स. गेम स्वतःच तो उतरवून देऊ का म्हणून विचारतो, 'हो' म्हण.

आता कोडला हात लाव. आधी 'इंग्लिश डॉट टीएक्सटी' उघडून 'न्यू गेम' ज्या ओळीत आहे ती शोध. ओळीच्या सुरुवातीला 'एसटीआर इंट्रो न्यू गेम' असं नाव आहे, पुढे आवृत्तीप्रमाणे महिरपी कंसात 'ब्लॅक' असू शकतं, मग शब्द. कंसातला भाग रंगाचा, तो असेल तर जसाच्या तसा ठेव. शब्दांच्या जागी रोमन लिपीत 'मिरज जंक्शन' लिही आणि बिल्ड कर. पटकन होईल, कारण वाक्यांचे क्रमांक बदलले नाहीत तर स्ट्रजेन जुनी हेडर फाइल तशीच ठेवतो आणि मुख्य कोड परत कंपाइल करावा लागत नाही. (त्याच 'लँग' फोल्डरमध्ये 'अनफिनिश्ड' नावाचा उपफोल्डर आहे. मराठीची फाइल त्यात आहे, अर्धवट. तुझ्यासारख्यांनी ती पूर्ण करावी अशी माझी फार इच्छा आहे.)

मग 'टेबल' फोल्डरमधली 'टाउननेम डॉट एच' बघ. नकाशावरच्या गावांची नावं तिथे आहेत. मूळ इंग्रजी नावं तुकडे जोडून बनतात, पण फ्रेंच गावांची सरळ यादी आहे, अवतरणचिन्हात एकेक नाव, मध्ये स्वल्पविराम. त्या जागी रोमन लिपीत शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सलगरे, ढालगाव, कवठे महांकाळ अशी आपल्या भागातली नावं घाल. भरपूर घाल, कारण दोन गावांना एकच नाव चालत नाही. यादी आखूड ठेवलीस तर नकाशावर गावंच कमी येतील. बिल्ड करून गावांच्या नावांसाठी 'फ्रेंच' निवड आणि ताकारीपासून भिलवडीपर्यंत रूळ टाक.

राहिली आजोबांची गाडी. तिच्यासाठी गेमचा सोर्स बदलावा लागत नाही. नवी इंजिनं, डबे, रुळांचे प्रकार 'न्यूजीआरएफ' नावाच्या वेगळ्या फाइलीतून येतात, आणि ती फाइल एनएमएल या सोप्या भाषेत लिहून तिच्या स्वतःच्या कंपायलरनं बनवता येते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज ही तिन्ही एके काळी मिरजेच्या स्थानकात होती. आजोबांच्या गाडीचा रूळ अडीच फुटी. इंजिनाचा आकार, डब्यांचा रंग, वेग, किती डबे ओढायचं, हे सगळं न्यूजीआरएफमध्ये आकड्यांनी आणि लहान चित्रांनी सांगावं लागतं. हे आकडे कुठल्याही वेबसाइटपेक्षा घरातच चांगले मिळतील. आजोबा असतील तर आजच वही घेऊन बस, नसतील तर त्यांच्या सोबतच्या कुणाला तरी गाठ. सरांना प्रकल्पाचा विषय म्हणून हाच दे. बिल्ड कसं लावलं, न्यूजीआरएफ कसं बनवलं आणि माहिती कुठून जमवली, या तिन्हीवर अहवाल सहज होतो.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो 'सोर्स कोडमधून गेम बनवतोय' म्हणतो. हे ते क्रॅक केलेले गेम असतात तसंच का? कायद्यानं चालतं का? पुढे मित्रांना पेन ड्राइव्हवरून देणार म्हणतो.
– एक पालक, गोडोली, सातारा

उत्तर : नाही, हे अगदी वेगळं आहे. क्रॅक म्हणजे विकत घ्यायच्या गेमचं कुलूप तोडणं. त्याच्यासोबत लॅपटॉपमध्ये काय शिरतं याचा भरवसा नाही, तिथे तुमची भीती रास्तच आहे. ओपन सोर्स गेमचा कोड त्याच्या कर्त्यांनीच परवाना देऊन खुला केलेला असतो. पुष्कळ गेमना जीपीएल हा परवाना असतो. त्याप्रमाणे गेम वापरता येतो, बदलता येतो, वाटताही येतो, विकायलाही मनाई नाही. मुख्य अट ही, की बदललेला असो वा नसो, गेम दुसऱ्याला दिला तर त्याचा सोर्सही त्याच परवान्याखाली द्यायचा. तेव्हा पेन ड्राइव्हवर गेमबरोबर सोर्सचा फोल्डरही टाकायला सांगा.

दोन गोष्टी मात्र तपासा. कोड खुला असला तरी चित्रं आणि संगीत खुलं असेलच असं नाही. डूम या गेमचा कोड १९९७ मध्ये खुला झाला, १९९९ मध्ये जीपीएलखाली आला, पण त्याचे मूळ टप्पे आणि चित्रं आजही विकत घ्यायची असतात. त्यांच्या जागी फ्रीडूम नावाचा मोफत संच मिळतो. दुसरं, सोर्स प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घेतलाय ना ते एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. बसाच, तो काय करतो ते तुम्हालाही आवडेल.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं आहे, रॅम ४ जीबी. क्यूटी क्रिएटरमध्ये 'बॅटल फॉर वेस्नॉथ'चा सोर्स उघडला. सीमेक नीट झालं. बिल्ड निम्म्यावर येतं आणि 'किल्ड' असं दाखवून थांबतं. दर वेळी वेगळ्याच फाइलवर थांबतं, हे कसं?
– एक वाचक, कराड

उत्तर : सर, दर वेळी वेगळी फाइल हीच खूण आहे. कोडमध्ये दोष असता तर एकाच जागी थांबलं असतं. इथे रॅम संपते आणि लिनक्सचं कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसला, म्हणजे कंपायलरला, बंद करून टाकतं. वेस्नॉथमध्ये बूस्ट लायब्ररीचा भरपूर वापर आहे, त्यामुळे एकेका फाइलीला पुष्कळ मेमरी लागते, आणि क्यूटी क्रिएटर एकदम अनेक फाइली चालवायला घेतो. प्रोजेक्टच्या बिल्ड सेटिंगमध्ये टूल आर्ग्युमेंटच्या जागी 'उणे जे १' लिहा. ४ जीबीची स्वॅप फाइल (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जादा जागा) जोडा. झालेलं काम वाया जात नाही, परत बिल्ड दाबलं की उरलेल्या फाइलींपासून पुढे चालू होतं. रात्री लावून झोपलात तरी चालेल, लॅपटॉप तेवढा चार्जरला जोडलेला आणि स्लीप बंद केलेला असू द्या. तरीही थांबलं तर टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेस्ग' चालवून शेवटच्या ओळी बघा. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर स्वॅप वाढवा, नाही दिसलं तर त्या ओळी जशाच्या तशा मला लिहून पाठवा.